खोकला असेल तरच या

न दिसणारं शोधण्यात बऱ्हाणपूरचा हात कुणी धरणार नाही. 1615 च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, सातपुड्याकडून जमिनीखाली झिरपणारं पाणी हेरून इथं कुंडी भंडारा ही भुयारी पाणीयोजना बांधली गेली. वरून त्याचा टिपूसही दिसत नव्हता, तरी ‘पाणी नाही’ असा शेरा मारून कुणी फाईल बंद केली नाही.

टीबीच्या बाबतीत आपण तोच शेरा मारतो. दोन आठवडे खोकला? नाही. थुंकीत जंतू? नाही. एक्स-रे? स्वच्छ. जा घरी! आता फुफ्फुसात खड्डे पाडण्याचं निम्मं काम आपलीच प्रतिकारशक्ती करते, जंतूंशी भांडता भांडता. एचआयव्हीनं ती खचली की भांडणच थंडावतं. खड्डे पडत नाहीत, थुंकीत जंतू कमी सापडतात, आजार गाठींत, मणक्यात, मेंदूच्या आवरणात मुक्काम ठोकतो. म्हणून एचआयव्हीबाधितांसाठी नियम वेगळा: खोकला कालपासूनचा का असेना, किंवा नुसता ताप, घटलेलं वजन, रात्रीचा घाम, यांतलं एक जरी असलं तरी तपासा. नियम पुस्तकात आहे. लोकांना पाठ आहेत ते दोन आठवडे.

इथल्या यंत्रमागावर सुताची धूळ गिळणाऱ्याला खोकला बारमाही. तो आठवडे मोजणार कुठून? शिवाय प्रतिकारशक्ती खचवणारा एचआयव्ही एकटाच नाही. त्याला मधुमेह असला तर टीबीचा धोका दुपटी-तिपटीनं वाढतो. गुडघ्यासाठी घेतलेल्या बिननावाच्या पुडीत स्टेरॉइड निघालं, तर प्रतिकारशक्ती दबते आणि आजाराची खबर देणारा तापही दबतो. पुडीवाल्याची मात्र कीर्ती वाढते. काय गुण आहे हाताला!

एवढं करून आपल्याकडे प्रतिकारशक्ती सर्वांत जास्त खचवतं ते रिकामं ताट. झारखंडात टीबी रुग्णांच्या घरच्यांना शिधा दिला, तर त्यांच्यातला नवा टीबी जवळपास 40 टक्क्यांनी घटला. 2023 मध्ये ‘लॅन्सेट’नं ते छापलं. सरकारनं नोव्हेंबर 2024 पासून रुग्णाच्या पोषणासाठीचे महिन्याचे 500 रुपये 1000 केले. रोजचे 33 झाले. घरच्यांच्या शिध्याची भिस्त ‘निक्षय मित्र’ म्हणवणाऱ्या देणगीदारांच्या मर्जीवर, म्हणजे त्यांच्या शिध्याच्या टोपलीवर आणि टोपलीसोबतच्या फोटोवर. टीबीमुक्तीचा वायदा तर 2025 चा होता, 2018 मध्ये दिलेला.

तर मित्रहो, केळी आपल्याच जिल्ह्यात पिकतात. टोपलीत दोन फण्या जास्त टाका. फोटोतही पिवळ्या उठून दिसतील.