लांब पल्ल्याचा टायर कसा निवडावा : नवशिक्यांसाठी

टायरांची तुलना करायला आधी मोटरसायकल हवी. नसली तरी फारसं अडत नाही. या विषयातले माझ्या ओळखीचे दोन सर्वांत मोठे जाणकार एसटीने फिरतात.

मोटरसायकल असली तरी टायर बदलावा असं आपणहून कोणाला वाटत नाही. त्यासाठी पेट्रोल पंपावर एखाद्या अनोळखी इसमाने तुमच्या मागच्या चाकाकडे बघून नुसतं ‘हं’ म्हणावं लागतं. तो पुढे काही बोलत नाही, पेट्रोल भरतो आणि जातो. तुम्ही घरी येता, खाली वाकता आणि टायरचा पार गोटा झालाय हे तुम्हाला पहिल्यांदा दिसतं. टायरच्या कडेला ‘टीडब्ल्यूआय’ अशी बारीक अक्षरं असतात. त्यांच्या रेषेत, खाचेच्या तळाशी, रबराचा छोटा उंचवटा असतो. नक्षी झिजून त्याच्या बरोबरीला आली की टायर संपला. तुमचा गेल्या दिवाळीतच संपलेला असतो.

आता टायर वाचायला शिका. यासाठी उकिडवं बसावं लागतं, मोबाइलचा दिवा लागतो आणि एक असा रुमाल लागतो जो पुन्हा खिशात जाणार नाही. उदाहरणादाखल माझ्याच क्लासिक ३५० चं मागचं चाक घेऊ. चिखल पुसल्यावर तिथे १२०/८०-१८ असं लिहिलेलं सापडतं. १२० ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे उंची, पण मिलिमीटरमध्ये नाही. रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे ९६ मिलिमीटर. १८ हा रिमचा व्यास आणि तो इंचात. एका ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच. हे ज्याने ठरवलं तो सरकारी नोकरीत नक्की वर चढला असता.

पुढे ६२पी असं असतं. ६२ म्हणजे ६२ किलो नव्हे. तो तक्त्यातला क्रमांक आहे आणि त्याचा अर्थ टायर २६५ किलो वजन पेलतो. पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंत चालेल. अक्षरं वेगाप्रमाणे चढत जातात, एस १८०, टी १९०, यू २००, आणि मग मध्येच एच येतो, २१०, त्यानंतर व्ही २४०. एच तिथे काय करतो हे विचारू नका. माझी गाडी शंभरच्या पुढे गेली की आरसे थरथरायला लागतात, त्यामुळे एच आणि व्ही यांची चौकशी मी नुसती माहितीसाठी केली. तरी दोन संध्याकाळी त्यात गेल्या.

सगळ्यात महत्त्वाचे आकडे मात्र लंबवर्तुळात दडलेले असतात, डीओटी या अक्षरांच्या शेवटी. चार आकडे : पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा, जून महिना. दुकानात हे आकडे तुम्ही वाचताय असं दिसलं की काउंटरवरच्या माणसाचा चेहरा बदलतो. ‘साहेब, रबर आहे ते, दूध नाही,’ असं मला एकाने ऐकवलं. त्याचं अर्धं खरं आहे. रबर नासत नाही, पण पडून पडून कडक होतं, बारीक तडे जातात आणि ओल्या रस्त्यावर अशा रबराचा भरवसा नाही. चार-पाच वर्षं माळ्यावर पडलेला टायर कितीही काळा कुळकुळीत दिसला तरी तो परत करा. नवशिक्याने मानेवर सुरी ठेवली तरी सोडू नये अशी या लेखातली ही एकच सूचना.

इतकं समजलं की तुलनेला बसायचं. माणसं इथेच हरवतात. मूळ भांडण दोन गोष्टींचं आहे. मऊ रबर रस्त्याला चिकटतं आणि लवकर झिजतं; कडक रबर वर्षानुवर्षं टिकतं आणि पहिल्या पावसात दगा देतं. आपल्याला दोन्ही हवं असतं, म्हणजे घर स्टेशनला लागून हवं आणि आवाजही यायला नको. टूरिंग टायर बनवणाऱ्यांनी यावर तोड काढली : काही टायरांत मधला पट्टा कडक रबराचा आणि दोन्ही बाजू मऊ. सरळ हायवेवर मधला पट्टा झिजतो, घाटात गाडी कलली की बाजू धरून ठेवतात. युक्ती झकास आहे. अडचण इतकीच की आपला प्रवास नव्वद टक्के सरळ असतो. त्यामुळे मध्यभाग सपाट होतो, बाजू कोऱ्या राहतात आणि टायर चक्क चौकोनी दिसायला लागतो. असा टायर वळणावर आधी कलायलाच तयार होत नाही, आणि मग एकदम कलतो.

बटन टायरांचा मोह आवरा. रेती-चिखलात ते उत्तम आणि फोटोत त्याहून उत्तम. डांबरावर त्यांची घरघर साताऱ्यापर्यंत मजेची वाटते, कऱ्हाडच्या पुढे डोक्यात जाते.

तुलनेसाठी मी एक्सेलमध्ये तक्ता केला. चौदा रकाने. मिशेलिन, मेट्झलर, पिरेली, सीएट, एमआरएफ, अपोलो, टीव्हीएस युरोग्रिप. रकाने भरता भरता कळलं की सीएट हे नाव इटालियन आहे; कंपनी १९२४ साली तुरीनमध्ये सुरू झाली आणि १९५८ मध्ये इकडे आली. एमआरएफ म्हणजे मद्रास रबर फॅक्टरी, आणि १९४६ साली तिची सुरुवात पोरांचे फुगे बनवण्यापासून झाली. लोकांनी गाड्या फिरवाव्यात, म्हणजे टायर झिजतील, या हिशेबाने मिशेलिनने १९०० साली प्रवासाची पुस्तिका काढली. आज जगभरचे आचारी तिच्यातल्या स्टारसाठी जीव टाकतात. यातल्या एकाही गोष्टीचा टायर निवडायला उपयोग नाही. पण तक्त्यात रकाना होता, तो भरला.

शिवाय सल्ले घ्यावे लागतात. सल्ला देणारा स्वतःच्या टायरबद्दल कधीच वाईट बोलत नाही, कारण पैसे त्याने भरलेत. कोणी नायट्रोजन भरून घ्यायला सांगेल. साध्या हवेत तो ७८ टक्के आधीच असतो, पण हे त्याला सांगू नका. मैत्री टिकवा.

तीन आठवड्यांनी तक्ता पुरा झाला. पहिला आलेला टायर, दुसरा आलेला टायर, सगळं पिवळ्या रंगाने रंगवून मी दुकानात गेलो. दुकानदाराने साइज विचारला. आत जाऊन आला. म्हणाला, ‘या साइजमध्ये हा एकच आहे. बाकी मागवावे लागतील, पंधरा दिवस.’ तो ‘हा’ माझ्या तक्त्यात पाचवा होता. मी घेतला. नवशिक्यांनी हे आधीच समजून घ्यावं : आपल्या गावात, आपल्या साइजमध्ये, आज काय शिल्लक आहे, यावरच टायर ठरतो. फोन आधी दुकानात करा, तक्ता नंतर.

बसवताना उभे राहा. कडेवरचा बाण चाक फिरतं त्या दिशेलाच हवा. पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हशेजारी यावा. आऱ्यांचं चाक असेल तर आत बहुधा ट्यूब असते; ती पट्टीखाली चिमटू नये म्हणून आधी थोडी हवा भरून घेतात, पावडर लावतात. हे काम करणारा पोरगा तुमच्या तक्त्याकडे ढुंकूनही बघत नाही, आणि त्याला टायरमधलं आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळतं. नवा टायर पहिले शंभरेक किलोमीटर गुळगुळीत असतो, तेवढे जपून चालवा.

ते शंभर किलोमीटर मी ऑफिसला जाता-येता भरून काढले. तीन आठवड्यांनी, ऐन श्रावणात, गोव्याला निघालो. संकेश्वरला हायवे सोडला, गडहिंग्लज, आजरा करत आंबोली गाठली. घाटात धुकं, रस्ता ओला आणि प्रत्येक वळणावर मागचं चाक असं वागायला लागलं की मागून कोणी हळूच खांद्याने ढकलतंय. मला सगळं उमगलं. पाचव्या क्रमांकाचा टायर पाचव्या क्रमांकासारखाच वागत होता. मी मनातल्या मनात कंपनीला पत्र लिहायला घेतलं. दाणोलीपर्यंत दुसरा परिच्छेद झाला होता, त्यात ‘जीविताशी खेळ’ हा शब्दप्रयोग होता.

सावंतवाडीच्या अलीकडे पंक्चरचं दुकान दिसलं. दुकान म्हणजे पत्र्याचं छप्पर, पाण्याचं घमेलं आणि दोरीला टांगलेल्या जुन्या ट्यूबा. मी त्या माणसाला रबराची जात, बाजूंचा मऊपणा, चौकोनी होण्याचा धोका, सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग मीटर व्हॉल्व्हला लावला आणि विचारलं, ‘हवा कधी बघितलेली?’

टायर बसवला तेव्हा. त्यानंतर नाही. माझ्या चौदा रकान्यांत हवेचा रकाना नव्हता.

जिथे तिशीच्या वर हवी तिथे अठरा होती. व्हॉल्व्हची पिन सैल होती. त्याने ती आवळली, थुंकी लावून बुडबुडा येतोय का बघितला, हवा भरली. दोन्ही चाकांचे मिळून दहा रुपये झाले.