शपथेला सुतक नाही

संकटातही राज्यकारभार खंडित होऊ नये, हे महाराष्ट्राने करून दाखवले, अभिनंदन! १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस पेटली. २५ जण गेले.

दुसऱ्या दिवशी बुलढाण्यात २४ जणांवर सामूहिक अंत्यसंस्कार झाले आणि त्याच दुपारी मुंबईत राजभवनावर नऊ मंत्र्यांचा शपथविधी. इकडे सरण, तिकडे पुष्पगुच्छ. कार्यक्षमता म्हणतात ती हीच.

आता ही प्रथा नियमातच बसवावी. महामार्गावर जागोजागी रुग्णवाहिका ठेवणे खर्चाचे. त्यापेक्षा एक मंडप, एक सनईवाला आणि शपथेचा मसुदा (नावाची जागा कोरी) कायम तयार असावा.

बस का पेटली, हे सभागृहात विचारायचे विरोधी पक्षनेत्याने. शपथ घेणाऱ्यांत पहिले तेच होते. नवे मिळेपर्यंत ऑगस्ट उजाडला.