‘डी’ वर्गाचे साहेब

वैद्यकीय उपकरणांची विक्री हा अत्यंत परोपकारी व्यवसाय होय, असे या धंद्यातील जवळजवळ प्रत्येक कंपनीच्या माहितीपुस्तिकेच्या पहिल्याच पानावर छापलेले असते. आणि ज्याने त्या कंपनीत नोकरीसाठी एकवार मुलाखत दिली आहे तो मनुष्य ती पुस्तिका पुन्हा म्हणून उघडीत नाही. हृदयाची कोंडलेली रोहिणी मोकळी करणारा स्टेंट, झिजलेल्या गुडघ्याच्या जागी बसणारा कृत्रिम सांधा, अत्यवस्थ रुग्णाच्या शिरेत थेंबाथेंबाने औषध सोडणारा सिरिंज पंप, या साऱ्या वस्तू मनुष्याच्या यातना कमी करण्यासाठी निर्माण झाल्या याविषयी दुमत नाही. परंतु रुग्णाच्या देहातून जितक्या यातना वजा होतील तितक्या विक्रेत्याच्या खाती जमा कराव्यात, असा काही गुप्त ठराव या धंद्याच्या दप्तरी नोंदलेला असावा, अशी मला फार दिवसांपासून शंका आहे.

मी स्वतः काही काळ या मुलुखात रोजगार केला असल्यामुळे मुलाखतीचे नाना प्रकार पाहण्याचे भाग्य मला लाभले. त्यांतील एक अद्याप स्मरणात आहे. अंधेरी पूर्वेकडील एका हॉटेलच्या कॉफी शॉपमध्ये रीजनल मॅनेजरांनी मला सकाळी अकराची वेळ दिली होती आणि दुपारी चारच्या सुमारास ते तेथे प्रकट झाले. विलंबाची कैफियत देण्याचा प्रघात या पदावर नसतो. त्यांनी माझा बायोडेटा हाती घेतला, क्षणभर न्याहाळला, उलटा केला आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर महिनाअखेरीचा हिशेब मांडावयास प्रारंभ केला. एका कानाला फोन होताच. “आज तीस तारीख आहे, स्टॉकिस्टच्या गळ्यात मार. एक्सपायरीचं पुढच्या क्वार्टरला बघू,” असा हुकूम फोनमध्ये सोडून त्याच स्वरात, वाक्याचा तुकडा न पाडता, त्यांनी मला विचारले, “डॉक्टर किती आहेत तुझ्याकडे?”

ज्याप्रमाणे पाटलाकडे किती बैल आहेत असे विचारावे, त्याप्रमाणे हा प्रश्न विचारला जातो. मी आठ-दहा अस्थिरोगतज्ज्ञांची नावे सांगितली. त्यावर “हे सगळ्यांकडे असतात” असा शेरा मिळाला. मग गाडी आहे काय, लग्न झाले आहे काय, आणि रात्री दोन वाजता अपघाताची केस आली तर बायको घराबाहेर सोडील काय, अशी चौकशी झाली. “आधीच्या कंपनीने हाकललं की तूच पळालास?” हा शेवटला सवाल. या दोहोंखेरीज तिसऱ्या रीतीने कोणी नोकरी सोडू शकतो, ही कल्पनाच त्यांना मानवत नसावी. “कळवतो” म्हणून त्यांनी मला निरोप दिला. माझा बायोडेटा मात्र जिवापाड जपून बॅगेत घातला, कारण त्यावर हिशेब होता.

या वर्तनाचे समर्थन करणारे विद्वानही या धंद्यात आहेत. त्यांच्या मते ही असभ्यता नसून ‘स्ट्रेस इंटरव्ह्यू’ नामक शास्त्रीय कसोटी होय. ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जन ओरडतात, सबब उमेदवाराला ओरडून घेण्याची सवय आहे की नाही हे आधीच तपासले पाहिजे. युक्तिवाद वरकरणी निर्दोष वाटतो. परंतु ज्याने थिएटरमध्ये पाऊल टाकले आहे त्याला यातील गफलत तत्काळ उमगते. मांडीचे हाड उघडे पडलेले आहे, प्लेट बसली आहे, आणि अडतीस मिलिमीटरचा स्क्रू नेमका सेटमध्ये नाही. निर्जंतुक टेबलाला बोटही न लावता, दूर उभ्याने, कोणते ड्रिल कोणत्या स्लीव्हमधून घालावयाचे हे सिस्टरला सांगणारा प्रतिनिधी भिंतीशी थिजून उभा आहे. अशा वेळी सर्जन ओरडले तर त्यांच्या ओरडण्याला निदान एका जिवंत माणसाच्या मांडीचे कारण असते. केस संपल्यावर तेच सर्जन “चहा घेतलास का रे?” म्हणून विचारतात. साहेबांच्या ओरडण्यामागे एक्सेलच्या तक्त्यातील तांबड्या रंगाच्या चौकटीवाचून अन्य कारण आढळत नाही, आणि चहाचा तर विषयच निघत नाही.

माझे मत सर्वस्वी निराळे आहे. असभ्य मुलाखत ही या धंद्यातील एकमेव प्रामाणिक गोष्ट होय. माहितीपुस्तिका अतिशयोक्ती करते, नेमणूकपत्र ‘व्हेरिएबल’ या नावाखाली न मिळणाऱ्या रकमा पगारात मिळवून दाखवते, इन्सेन्टिव्हच्या परिपत्रकाला अटींचे इतके शेपूट असते की त्यातून रुपया सुटून येत नाही. मुलाखत घेणारा साहेब तेवढा पुढील नोकरीचा अस्सल नमुना विनामूल्य सादर करतो. नॅशनल मॅनेजर झोनलला बोलतात, झोनल रीजनलला, रीजनल एरिया मॅनेजरला. आणि रात्री साडेनवाच्या रिव्ह्यू कॉलवर हा सारा ऐवज, वाटेत कोठेही कसर न लागता, प्रतिनिधीच्या पदरी पोहोचतो. त्याला वीस सहकाऱ्यांच्या साक्षीने “तुझा मेंदू डेमो पीस आहे का?” असे विचारण्यात येते, आणि दुसऱ्या दिवसापासून रुग्णालयाच्या फाटकाशी उभे राहून स्वतःचे छायाचित्र व लाइव्ह लोकेशन ग्रुपवर रुजू करण्याचे फर्मान सुटते. संसर्गापासून रुग्णाचे रक्षण करणारी साधने विकणाऱ्या मंडळींमध्ये हा संसर्ग वरून खाली इतक्या निर्वेधपणे पसरावा, यास दैवाचा विनोद म्हणावयाचे.

परिस्थिती पालटली तरी हा क्रम पालटत नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. औषधलेपित स्टेंट, जो तोवर लाखाच्या घरात जात असे, तो एकाएकी २९,६०० रुपयांवर आला, आणि साध्या स्टेंटला ७,२६० रुपये ठरले. रुग्णांनी समाधानाचा श्वास टाकला व तो रास्तच होता. परंतु किंमत उतरली म्हणून टार्गेट उतरले, असे सांगणारा एकही प्रतिनिधी मला अद्याप भेटलेला नाही.

याच सरकारने त्या वर्षी वैद्यकीय उपकरणांचे नियम केले व ते १ जानेवारी २०१८ पासून अमलात आणले. त्यांत उपकरणांची धोक्यानुसार चार वर्गांत विभागणी आहे: मलमपट्टी ‘ए’, थर्मामीटर ‘बी’, हाडाची प्लेट ‘सी’, हृदयाची झडप ‘डी’. उपकरणाने रुग्णास अपाय केल्यास त्याची नोंद करणारी ‘मटेरिओव्हिजिलन्स’ नामक राष्ट्रीय यंत्रणा २०१५ पासून अस्तित्वात आहे. रक्तदाब मोजणाऱ्या यंत्राची परीक्षा होते. रक्तदाब वाढविणाऱ्या साहेबाची होत नाही, ही या नियमांतील मोठी उणीव होय. माझ्या अनुभवात ‘ए’ वर्गाचे साहेबही आले. केस फसली तेव्हा सर्जनसमोर स्वतः उभे राहिलेले, आईच्या आजारपणात रजेचा अर्ज न वाचता सही केलेले. ते फार काळ टिकले नाहीत, कारण टार्गेटच्या तक्त्यात भलेपणाला रकाना नसतो. ‘डी’ वर्गाच्यांना बढती मिळाली.

कायदा अगदीच मूक आहे असेही नव्हे. १९७६ साली संसदेने विक्रीसंवर्धन कर्मचाऱ्यांसाठी कायदा केला. लेखी नेमणूकपत्र द्यावे, सेवेत घालविलेल्या काळाच्या एक-अकरांश इतकी पगारी रजा द्यावी, असे त्यात सांगितले. मुलाखतीत मी या एक-अकरांशाचा उल्लेख केला असता एका साहेबांनी माझ्याकडे ज्या अनुकंपेने पाहिले ती अनुकंपा त्यांच्यापाशी आहे हे मला तोवर ठाऊक नव्हते. मनुष्यबळ विभागाकडे दाद मागावी तर तेथील बाईसाहेब सर्व ऐकून घेतात, वहीत टिपून घेतात आणि संध्याकाळपर्यंत ती टिपणे ज्याच्याविरुद्ध केली त्या साहेबांच्या हाती सुखरूप पोहोचतात.

सबब, या धंद्यात प्रवेश करू इच्छिणाऱ्या तरुणांना माझी विनंती इतकीच आहे: कंपनीची वेबसाइट वाचण्यात काळ दवडू नका. पुण्यात असाल तर सदाशिव पेठेतील, मुंबईत असाल तर प्रिन्सेस स्ट्रीटवरील एखाद्या जुन्या स्टॉकिस्टला गाठा. कोणत्या साहेबाच्या हाताखाली किती पोरे टिकली याची नोंद त्याच्या मुनीमाला तोंडपाठ असते. मग मुलाखतीला जा, आणि साहेबांचे प्रश्न संपले म्हणजे आपलाही एक नम्रपणे विचारा: “सर, ही जागा रिकामी कशाने झाली?” सरळ उत्तर आले तर रुजू व्हा. साहेब संतापले तर उत्तर मिळालेच. बायोडेटा मागून घ्या आणि निघा.