तीन मिनिटांचं इंदापूर

"पप्पा, बारामती ते इंदापूर विमानानं तीन मिनिटं!" पोरानं मोबाइलमधून डोकं न काढता जाहीर केलं.

इंदापुरात विमानतळ नाही, ही किरकोळ अडचण त्या यंत्राला कुणी सांगितली नसावी. त्यानं नकाशावर सरळ रेघ ओढली, पंचेचाळीस-सत्तेचाळीस किलोमीटर धरले, ताशी ९०० च्या वेगानं भाग दिला आणि मोकळं झालं. आमचा रस्ता पन्नासेक किलोमीटरचा. म्हणजे कावळ्याचा जन्म घेतला तरी बचत तीन-चार किलोमीटरचीच.

इंदापूर माझी सासुरवाडी. तीन मिनिटांत आमच्या हिचं "गॅस बंद केला का?" एवढंही उरकत नाही. त्यासाठी गाडी कोपऱ्यावरून माघारी येते. तोवर सासऱ्यांचा फोन. आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात.

"पाव्हणं, कुठवर आलाय?"

"जंक्शनला पोचतोय, मामा," मी काटेवाडीतून सांगतो. (जंक्शन हे गावाचं नाव. रेल्वे शोधू नये.) मामाही मुरलेले. मी जंक्शन म्हटलं की ते भाकरीचं पीठसुद्धा मळू देत नाहीत.

त्यात उसाचा हंगाम असला की भवानीनगरच्या अलीकडं पुढं ट्रॅक्टर येतो. मागं दोन ट्रॉल्या, त्यावर दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला ऊस, शेवटच्या मोळीला लाल फडकं आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर मोठ्ठ्यानं वाजणारी गाणी. हॉर्न त्याला ऐकू येत नाही, आपल्याला मात्र त्याची सगळी गाणी पाठ होतात. ट्रॉली डावीकडं झुकली की आपणही डावीकडं झुकतो. ओव्हरटेक करायला जावं तर समोरून तसलाच दुसरा, रिकामा होऊन मोकाट सुटलेला.

गंमत म्हणजे जंक्शनवरून आत वळलं की वालचंदनगर. तिथल्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटचे सुटे भाग बनतात. चांद्रयान-३ च्या रॉकेटलाही तिथला माल लागला. पण चंद्राकडं निघालेला तो ऐवजही वालचंदनगरातून निघतो तो रस्त्यानंच. उसाच्या ट्रॉलीपुढं त्याची तरी काय मिजास चालणार?

या रस्त्याचा खरा वेग तुकोबांच्या पालखीलाच माहीत. काटेवाडीत धोतरांच्या पायघड्या, मेंढ्यांचं रिंगण, मग सणसरचा मुक्काम, बेलवाडीचं गोल रिंगण, निमगाव केतकी... बारामती सोडल्यावर इंदापूर यायला दिवस मोजावे लागतात, आणि "उशीर झाला" म्हणून कुणी कुरकुरत नाही. कुरकुरतो तो जावई. त्यालाही निमगावच्या पानमळ्यातली पानं घ्यायला थांबावंच लागतं, कारण मामांना दुसरी चालत नाहीत.

यावेळी परतताना सासूबाईंनी डिकीत ज्वारीचं पोतं, लोणच्याची बरणी, डाळिंबं कोंबली. मग बरणी कलंडेल म्हणून सगळं काढून पुन्हा भरलं. मामा गाडीच्या खिडकीवर हात ठेवून पाऊसपाण्याचं बोलत होते. खिडकीवरचा हात निघाल्याशिवाय गाडी सुरू करायची नसते.

मागून पोरगं घड्याळ बघत म्हणालं, "आजोबा, तुम्ही निरोप द्यायला लागल्यापासून विमान सात वेळा बारामतीला जाऊन आलं."

मामांनी हात काढला आणि त्याच हातानं गाडीचं दार उघडलं.

"सात झाल्या व्हय? मग आठवी फेरी होईस्तोवर च्या घ्या."