स्लॅबवाले भाऊ

तुमसरहून आंबागडकडे निघालं की वाटेतल्या कुठल्याही गावात स्लॅबवाले भाऊ भेटतात. ओळखायची खूण सोपी आहे. गच्चीवर कॉलमच्या सळया आभाळाकडे तोंड करून उभ्या असतात. त्यांना तांबूस गंज चढलेला असतो, एखाद्या टोकावर रिकामी बाटली उलटी घातलेली असते आणि दोन सळयांमध्ये कपडे वाळवायची दोरी असते. वास्तुपूजन होऊन दहा-बारा वर्षं उलटलेली असतात, पण विचारलं तर भाऊ आजही त्याच उमेदीनं सांगतात, "वरचा मजला होऊन रायला ना बाप्पा, पोरगा पुण्याहून आला का." पोरगा येतो, लग्नसराईत येतो, दोन रात्री काढतो आणि उकाड्याला कंटाळून तिसऱ्या दिवशी तुमसर रोडहून गाडी पकडतो. भाऊ त्याला निरोप देतात आणि घरी येऊन मागच्या टिनाच्या सपरीत खाट टाकतात, कारण ते स्वतः तिथंच राहतात.

म्हणून भाऊंचं घर फसलं असं म्हणणं चूक होईल. ते ज्यांच्यासाठी बांधलं, त्यांच्या दृष्टीनं ते झकास आहे. अडचण एवढीच की ते पाहुण्यासाठी, होणाऱ्या व्याह्यासाठी आणि पुण्यातल्या पोरासाठी बांधलं, आणि या तिघांपैकी तिथं कुणीच राहत नाही. पुरावा हवा असेल तर आत जाऊन बघा. हॉलमधल्या सोफ्यावर चादर, चादरीवर टॉवेल, आणि त्यावर बसायची हिंमत फक्त मांजरीला. ज्या खोलीला भाऊ अजून 'मास्टर बेडरूम' म्हणतात, तिथं धानाचे कट्टे भिंतीला लागून छतापर्यंत रचलेले. नकाशात धानाला जागाच नव्हती! जुन्या घरात धान साठवायच्या ढोलीला मानाचा कोपरा असायचा. नकाशा काढणाऱ्याला ढोली माहीत नव्हती आणि भाऊंना ती सांगायची लाज वाटली. बेडरूमला लागून असलेल्या बाथरूमात फवारणीचा पंप, युरियाचं अर्धं पोतं आणि अंड्यांवर बसलेली कोंबडी. ग्रॅनाइटचा ओटा वहिनी रोज पुसतात आणि स्वयंपाक सांदवाडीतल्या चुलीवर करतात. धुरानं नव्या टाइल्स काळ्या पडतात म्हणे.

भाऊ सपरीत झोपतात, यात त्यांचा हट्ट कमी आणि स्लॅबचा स्वभाव जास्त आहे. काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि रात्री ते सावकाश खाली सोडतं. मे महिन्यात पारा 45च्या पुढे गेला की मध्यरात्रीही छताला हात लावून बघावा, तापलेलंच असतं. मातीच्या जाड भिंती आणि वर कवेलू, म्हणजे कौलं, असलेल्या घरात गरम हवा फटींतून निघून जायची. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात स्लॅबच्या पोटात कवेलू घालून काँक्रीटही वाचवलं आणि उष्णताही कमी केली. पण भाऊंनी तर कवेलू काढण्यासाठीच कर्ज काढलं होतं, त्यांना ते पुन्हा स्लॅबमध्ये घाला म्हणून सांगणार कोण?

बांधणाऱ्यानं एका कामासाठी बांधावं आणि काळानं ते दुसऱ्याच कामाला लावावं, ही या मुलखातली जुनीच रीत दिसते. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याचा सुभेदार राजखान पठाण यानं 1700च्या सुमारास आंबागडचा किल्ला उभारला. पुढं तो किल्ला नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि त्यांनी त्याचा तुरुंग केला. कैद्यांना तिथल्या विहिरीचं सडकं पाणी प्यावं लागे, अशी कथा सांगतात. राजखानाची बाजू मात्र भाऊंपेक्षा भक्कम होती. त्याला निदान शत्रू चालून येण्याची धास्ती होती. भाऊंच्या घरावर चालून येणार ते फार तर व्याही.

कवेलू का काढले, यावर भाऊ गप्प बसत नाहीत, आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखंही नाही. "कवेलू दरसाली फेरा लागते. फेरणारा मानूस कुठी भेटते?" तो खरंच मिळत नाही. सातपुड्याच्या पायथ्याची माकडं एका उडीत शंभरेक कवेलू मोकळे करतात आणि पावसाळ्यात घरभर गंजं मांडावी लागतात. दुसरा मुद्दा त्याहून वजनदार आहे. मुलीकडचे लोक येतात तेव्हा जमिनीच्या आधी छत विचारतात. स्लॅब नसेल तर चहाही थंड होतो. म्हणजे पोराचं लग्न जमलं ते या स्लॅबमुळेच. हे मान्य केलंच पाहिजे. पण त्यासाठी एक हॉल पुरला असता. बाकीच्या चार खोल्यांचे हप्ते कुणाच्या लग्नासाठी भरले?

मग सगळ्यांनी मातीतच राहावं काय, असं कुणी विचारेल. मुळीच नाही. भाऊंच्याच शेजारी घरकुल योजनेतलं घर असतं. 2016ला सुरू झालेल्या योजनेत सुरुवातीला सपाट भागासाठी 1 लाख 20 हजार रुपये आणि किमान 25 चौरस मीटर जागा ठरली होती. तेवढ्या पैशात ते पुरं होत नाही, पदरचे घालावे लागतात, आणि त्याचाही स्लॅब तापतोच. तरी त्या घरातला इंच न इंच वापरात असतो, कारण मिरवायला जागाच उरलेली नसते. भाऊ त्याला "डबी" म्हणतात. माझ्या मते दहा वर्षांनंतरच्या परीक्षेत डबी पास आहे आणि बंगला नापास. भाऊ नापास नाहीत, कारण गरज काय ते ओळखून त्यांनी सपरी स्वतःच्या अकलेनं, नकाशाविना उभारली आणि रात्री ती घरातली सगळ्यात गार जागा असते.

तेव्हा त्या बाजूला गेलात तर भाऊंकडे जरूर जा, चहा नाकारू नका. फक्त बैठक मागच्या सपरीत मागा, आणि वरच्या मजल्याचा विषय काढू नका.