नकाशा गावाला दाखवा

16 जुलै 2024 रोजी उत्तर कन्नड जिल्ह्यात अंकोल्याजवळच्या शिरूरला महामार्गावर डोंगर कोसळला. माणसं आणि वाहनं थेट गंगावळी नदीत गेली. 30 जुलैला केरळच्या वायनाडमध्ये दरडी कोसळून दोनशेहून अधिक माणसं मेली. दुसऱ्याच दिवशी केंद्र सरकारने पश्चिम घाटाच्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा काढला. 2014 पासूनचा हा सहावा मसुदा होता. हरकतींसाठी साठ दिवस दिले. ती मुदत संपत आली असताना, 26 सप्टेंबरला, कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने ज्या कस्तुरीरंगन अहवालावर हा मसुदा उभा होता तो अहवालच फेटाळला.

हे बेंगळुरूत घडलं याचा संताप जास्त येतो. केंद्राने घाटाच्या अभ्यासासाठी नेमलेल्या दोन्ही समित्यांचे अध्यक्ष याच शहरात वाढलेल्या विज्ञानपरंपरेतले. माधव गाडगीळ पुण्याचे, पण 1973 साली भारतीय विज्ञान संस्थेत आले आणि तिथे रुजले. बेंगळुरूचे जुने लोक त्या संस्थेला अजून 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हणतात. के. कस्तुरीरंगन इस्रोचे माजी अध्यक्ष. विधानसौधापासून विज्ञान संस्था काही किलोमीटरवर आहे. तिथल्या ज्ञानाला राज्यकर्त्यांपर्यंत पोहोचायला अंतराची अडचण कधीच नव्हती.

याच राज्याने एकदा वेगळं करून दाखवलं होतं. सत्तरच्या दशकात कर्नाटकातले बुरूड, तिकडे त्यांना मेदार म्हणतात, सरकारदरबारी तक्रार घेऊन गेले. कागद गिरण्यांनी बांबू संपवला, आमच्या टोपल्या-सुपांना कळक मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं. तेव्हाचे अर्थमंत्री एम. वाय. घोरपडे म्हणजे संडूरच्या मराठा राजघराण्यातले, स्वतः नामांकित वन्यजीव छायाचित्रकार. त्यांनी गाडगीळांना अभ्यास करायला सांगितलं. दांडेलीच्या गिरणीला सरकार बांबू देत होतं टनाला दीड रुपयाने. बाजारात बुरुडांना त्यासाठी कितीतरी पट मोजावे लागत. इतक्या स्वस्तात मिळणारी वस्तू जपून वापरायचं गिरणीला काय कारण होतं?

पण माझ्या मते त्या अभ्यासातली सर्वांत मोलाची गोष्ट दराची नव्हती, काट्यांची होती. कळकाच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचं जाळं असतं. बेट मोकळं झालं की वाढ चांगली होते, या समजुतीने वनखातं ते साफ करवून घेई. गावकरी सांगत होते की हे काटे काढू नका, तेच कोवळ्या वास्त्यांची राखण करतात. काटे गेले की गुरं, वानरं, साळिंदरं सगळे कोंब फस्त करतात. खात्याच्या पुस्तकात हे नव्हतं. गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जंगलात जाऊन तपासलं, मोजलं आणि गावकऱ्यांचं म्हणणं खरं निघालं. बांबू किती मिळेल याचे खात्याचे अंदाजही फुगलेले निघाले. प्रश्न बुरुडांनी विचारला, मंत्र्याने तो शास्त्रज्ञाकडे दिला, शास्त्रज्ञाने गावाला विचारलं आणि मग मोजमाप केलं. विज्ञान आणि धोरण यांचं जमायचं असेल तर ते याच क्रमाने जमतं.

2010 साली केंद्राने पश्चिम घाटासाठी गाडगीळांची समिती नेमली. तिने सारा घाट चौकटींत विभागून तीन श्रेणी सुचवल्या आणि अहवालातच स्पष्ट लिहिलं की ही मांडणी अंतिम नाही, ती ग्रामसभांपुढे न्या, त्यांचं ऐका, मग ठरवा. 31 ऑगस्ट 2011 रोजी अहवाल सादर झाला आणि मंत्रालयाने तो दाबून ठेवला. केंद्रीय माहिती आयोग आणि दिल्ली उच्च न्यायालय यांनी फटकारल्यावर मे 2012 मध्ये तो लोकांना दिसला. ज्या अहवालाचा पाया लोकांना विचारणं हा होता, तो लोकांपासूनच लपवला गेला! नऊ महिन्यांच्या त्या पोकळीत अफवांचं पीक आलं. घरं पाडणार, शेती बंद करणार, जमिनी जाणार. खाणवाल्यांना आणि त्यांच्या राजकीय सोबत्यांना याहून सोयीचं काय असतं?

मग कस्तुरीरंगन समिती आली. उपग्रहाच्या चित्रांवरून तिने घाटाचा सुमारे 37 टक्के भाग संवेदनशील ठरवला. उपग्रहाचं काम मी कमी लेखत नाही. जंगल कुठे उरलं आणि कुठे तुटलं हे इतक्या मोठ्या पट्ट्यात दुसऱ्या कशाने कळणार? पण कुठला झरा पूर्वी मेपर्यंत वाहायचा आणि आता फेब्रुवारीत आटतो, हे आकाशातून दिसत नाही. कोणत्या उतारावर नवी भेग पडली आहे, हेही त्याखाली राहणाऱ्यालाच आधी कळतं. आर्थिक निर्णयांत स्थानिकांना स्थान नाही, या समितीच्या भूमिकेवर गाडगीळांनी कस्तुरीरंगन यांना खुलं पत्र लिहून आक्षेप घेतला. तो आक्षेप मला शंभर टक्के पटतो. माणसांना वगळून काढलेला नकाशा निवडणुकीच्या पहिल्या सभेत फाटतो. कर्नाटकात तो मंत्रिमंडळातच फाटला.

गावं निसर्गाच्या विरोधात आहेत हा सोयीचा समज सिंधुदुर्गाने खोटा पाडलेला आहे. तिथल्या 25 ग्रामसभांनी आमचं गाव संवेदनशील जाहीर करा असे ठराव केले, आणि गाडगीळ समितीने त्याची नोंद घेतली. खाण आली तर काय होईल ते त्यांना शेजारच्या गोव्यात दिसत होतं. बंदी वरून लादायची गरजच पडली नाही.

कर्नाटकाला गावापर्यंत विज्ञान न्यायला जमत नाही असंही नाही. बेंगळुरूच्या येलहंक्यात राज्याचं आपत्ती निरीक्षण केंद्र आहे. ग्रामपंचायत पातळीपर्यंत सहा हजारांहून अधिक पर्जन्यमापक त्याने बसवले. शेतकरी 'वरुणमित्र' या मदतवाहिनीवर फोन करतो आणि त्याला पावसाची माहिती कन्नडमध्ये मिळते. म्हणजे पंचायतीत पडलेला पाऊस राजधानीपर्यंत पोहोचवायची यंत्रणा आहे. त्याच पंचायतीचं मत पोहोचवायची इच्छा मात्र कुणाला नाही.

आपण महाराष्ट्रात कर्नाटकाकडे बोट दाखवू नये. सहाव्या मसुद्यात आपल्या राज्याचं 17 हजार चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्र आहे. 30 जुलै 2014 ला माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं. वायनाडची दुर्घटना बरोबर दहा वर्षांनी, त्याच तारखेची. मध्ये तळिये झालं, इर्शाळवाडी झाली. दर वेळी मंत्री चिखलात उभे राहतात, मदत जाहीर होते आणि पुढच्या अधिवेशनात संवेदनशील यादीतून गावं वगळण्याची मागणी होते. त्या मसुद्यात नेमकं काय आहे ते किती गावांना ठाऊक आहे? खाणी, दगडखाणी, वाळूउपसा, नवे औष्णिक वीजप्रकल्प, अतिप्रदूषणकारी उद्योग आणि 20 हजार चौरस मीटरहून मोठी बांधकामं यांवर बंदी आहे. शेतीवर नाही, राहत्या घरावर नाही. जमिनीची मालकी बदलायलाही आडकाठी नाही. हे राजपत्रात हिंदी-इंग्रजीत छापून सरकारचं कर्तव्य संपत नाही.

म्हणून रायगडपासून कोल्हापूर-सिंधुदुर्गापर्यंतच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे एकच मागणी आहे. अंतिम अधिसूचनेआधी यादीतल्या प्रत्येक गावाचा नकाशा आणि बंदीची यादी मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, भूगर्भशास्त्र जाणणारा माणूस ग्रामसभेत पाठवा, आणि गावाने दाखवलेली प्रत्येक भेग व प्रत्येक झरा त्या नकाशावर उतरवून घ्या. आणि वाचकहो, तुमचं गाव घाटात असेल तर पुढच्या ग्रामसभेला जा आणि हा नकाशा मागा.