निकष पाच

कोल्हापूरच्या कळंबा तलावाच्या बांधावर सकाळी भेटणारी माणसं रामराम घालतात. सर विचारतात, "ऑफर लेटर आहे?"

कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या 'नॅक'ची तपासणी जवळ आली की कुठल्याही कॉलेजात असा एक प्राध्यापक उगवतो. मूळ विषय भूगोल असो की मराठी, आता विषय एकच, निकष पाच. 1994 साली स्थापन झालेल्या नॅकच्या सात निकषांतल्या या पाचव्यात पदवी घेऊन गेलेली किती पोरं नोकरीला लागली, किती पुढं शिकली, ते पुराव्यासकट दाखवायचं असतं. कागद नाही, तर पोरगं नाही. त्यात 2021 मध्ये शिवाजी विद्यापीठाला ए प्लस प्लस मिळालं आणि सरांची उरलीसुरली झोपही गेली. सुटलेल्यांची चोख नोंद ठेवतं म्हणून त्यांना कळंबा जेलचाही हेवा वाटतो.

नॅकच्या विद्यार्थी-समाधान सर्वेक्षणाचे 21 प्रश्न ईमेलवर येतात. पोरांचे ईमेल अकरावीच्या फॉर्मवेळी नेटकॅफेवाल्यानं काढलेले, पासवर्डही त्यालाच ठाऊक. सर महिनाभर त्याच्या दुकानात चहा पितायत.

पण खरा घात करते ती 'तयारी'. सध्या काय करतोस म्हटलं की दहातली सात पोरं सांगणार, "तयारी करतोय, सर." एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी. अभ्यासिकेत चार-चार वर्षं जातात, पण ही ना नोकरी, ना शिक्षण. घराण्यातली पहिली पदवीधर होऊन सासरी गेलेल्या पोरीलाही रकाना नाही. तिचं नाव, गाव, गॅदरिंगमधलं भाषण, सगळं सरांना तोंडपाठ आहे. पण तोंडपाठ असलेलं अपलोड होत नाही.

परवा बांधावर एक जुना बी.ए. सापडला.

"काय करतोस रे?"

"बारा म्हशी हायत्या, सर. दूध गोकुळला जातंय. दर धा दिसाला बिल."

"नेमणूकपत्र?"

"म्हशी देत्यात व्हय, सर?"

सरांनी बिलाची झेरॉक्स मागितली. वर म्हशीसोबत फोटो, जिओटॅगचा. पोरगं हो म्हणालं आणि हळूच पुढं सरकलं.

"सर, धारंला गडी मिळंना झालाय. तुमच्या यादीतला एखादा रिकामा बी.ए. असंल तर धाडा की. पगार देतो, पत्रबी देतो."

सरांचे डोळे लकाकले.

"लेटरहेड आहे?"